वेबसाइट तर झाली, आता गिऱ्हाईक काय शोधतं ते कसं कळणार? पुण्यातल्या छोट्या व्यावसायिकांसाठी फुकट टूल्स, वापरायच्या क्रमाने

कोथरूडमध्ये घरगुती फराळ करणाऱ्या ताईंपासून भोसरीतल्या वर्कशॉपपर्यंत आता सगळ्यांच्या वेबसाइट आहेत. करून देणारा साइट करून देतो, पैसे घेतो आणि पुढच्या कामाला लागतो. मालकाला मात्र लोक साइटवर येतात का, कुठून येतात, काय शोधत येतात, यातलं काहीच कळत नाही. मी अशा दोन साइट सांभाळतो. एक वहिनींच्या दिवाळी फराळाची, दुसरी मित्राच्या भोसरीतल्या व्हीएमसी जॉबवर्कची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्या कंपन्यांचे धातूचे पार्ट करून देण्याची. दोन्हीकडे संशोधनावर एक रुपयाही खर्च केलेला नाही. हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे.

फुकट टूल्सच्या याद्या भरपूर मिळतात. त्यात क्रम मात्र कुणी सांगत नाही. बहुतेक जण थेट स्पर्धकाच्या साइटवर कीवर्ड (लोक गुगलवर टाइप करतात ते शब्द) शोधायला धावतात आणि तिथे मिळालेल्या अंदाजी आकड्यांवर पुढचं सगळं उभं करतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी तुमच्याच साइटची खरी नोंद बघा, मग बाजाराचा अंदाज घ्या आणि स्पर्धकाकडे सगळ्यात शेवटी वळा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

१. सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- धंद्याच्या नावाचं स्वतंत्र गुगल खातं. मुलाचं, भाच्याचं किंवा एजन्सीचं खातं चालणार नाही. ओटीपी येणारा मोबाइल नंबरही तुमचाच असावा.
- डोमेन (साइटचा पत्ता) जिथून घेतलं तिथलं लॉगिन आणि नूतनीकरणाची तारीख.
- साइटचं ॲडमिन लॉगिन.
- गेल्या वर्षभराची ऑर्डर वही, आणि व्हॉट्सॲपवर लोकांनी विचारलेले प्रश्न.
- एक कोरी गुगल शीट. रकाने एवढेच: शब्द, लिपी, कुठून कळला, आपल्या कोणत्या पानावर आहे, तारीख.
- गुगलच्या नकाशावर धंद्याची नोंद करायची असेल तर दुकानाची पाटी, शॉप ॲक्टची नोंदणी आणि वीजबिल. हल्ली पडताळणीसाठी बरेचदा व्हिडिओ मागतात. त्यात पाटी, आतली जागा आणि धंदा तुमचाच असल्याचा पुरावा दाखवावा लागतो. घरून काम करत असाल आणि गिऱ्हाईक दारात येत नसेल, तर पत्ता लपवून फक्त सेवा देत असलेला भाग दाखवता येतो.

पहिला मुद्दा लोक हलक्यात घेतात आणि सगळ्यात जास्त तोच महागात पडतो. एजन्सीने सर्च कन्सोल (लोक गुगलवर काय शोधून येतात ते दाखवणारं गुगलचं टूल) आणि ॲनालिटिक्स (आलेले लोक साइटवर काय करतात ते मोजणारं) स्वतःच्या खात्यावर सुरू केलं आणि पुढे संबंध संपले, असं पुण्यात सर्रास होतं. सर्च कन्सोलचं निभावतं, कारण डोमेन तुमच्या ताब्यात असेल तर मालकी कधीही नव्याने सिद्ध करता येते. ॲनालिटिक्सचा इतिहास मात्र ज्याच्या खात्यात आहे त्याच्याकडेच राहतो. म्हणून कामाचा करार करतानाच लिहून घ्या की खाती मालकाच्या नावावर असतील आणि एजन्सीला फक्त वापराची परवानगी असेल.

२. कोणतंही टूल उघडण्याआधी वही उघडा

गिऱ्हाईक फोनवर जे शब्द वापरतं, तेच ते शोधतानाही वापरतं. ऑर्डर वही आणि व्हॉट्सॲप चाळून असे शब्द जसेच्या तसे शीटमध्ये उतरवा, सुधारू नका. आपण साइटवर ‘पारंपरिक महाराष्ट्रीय उपाहार’ असं छापतो आणि लोक विचारतात, ‘भाजणीची चकली आहे का, कुरिअर करता का, अमेरिकेला किती दिवसांत पोचेल’.

पुण्यात याला आणखी एक पदर आहे. एकच माणूस सकाळी मराठीत देवनागरीत शोधतो, दुपारी तेच रोमन लिपीत टाइप करतो आणि संध्याकाळी इंग्रजीत ‘होममेड दिवाली स्नॅक्स’ म्हणतो. रोमनमध्येही ‘फराळ’ कुणी ‘एफ’ने सुरू करतं, कुणी ‘पीएच’ने. बरीचशी टूल्स या प्रत्येक रूपाचा वेगळा हिशोब ठेवतात. एकच रूप तपासून ‘याला मागणी नाही’ असा निकाल दिलात, तर तो चुकीचा ठरू शकतो. शीटमध्ये लिपीचा रकाना त्यासाठीच आहे.

यानंतर गुगलच्या शोधचौकटीत प्रत्येक शब्द अर्धवट टाइप करून खाली काय सुचवलं जातं ते बघा. ब्राउझरच्या खासगी खिडकीत बघा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा रंग त्यात कमी मिसळेल. यूट्यूबवरही हेच करा. चांगल्या सूचना लगेच शीटमध्ये टाका.

३. सर्च कन्सोल: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मला एकच टूल निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन. लोकांनी गुगलवर काय शोधलं तेव्हा तुमची साइट दिसली, किती वेळा दिसली, किती जणांनी क्लिक केलं आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होतात, हे सगळं इथे मिळतं. अंदाज नव्हे, गुगलची स्वतःची नोंद. याचं जुनं नाव वेबमास्टर टूल्स. २०१५ मध्ये ते बदललं. जुन्या लेखांत ते नाव दिसलं तर गोंधळू नका.

जोडणी अशी करा. ‘डोमेन’ हा पर्याय निवडा. गुगल एक लांबलचक मजकूर देईल. तो डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये (डोमेन जिथून घेतलं तिथल्या लॉगिनमध्ये बहुधा ती असते) ‘टीएक्सटी’ नोंद म्हणून चिकटवा. थोड्या वेळाने ‘व्हेरिफाय’ दाबा. लगेच झालं नाही तर घाबरू नका, डीएनएसचा बदल पसरायला कधी कधी बराच वेळ लागतो. ‘यूआरएल प्रीफिक्स’ हा दुसरा पर्याय सोपा वाटतो, पण त्यात पत्त्याचं एकच रूप मोजलं जातं. साइट ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याविना अशी दोन्हीकडे उघडत असेल तर अर्धी नोंद हातातून जाते.

नोंद साठायला साइट जोडल्यापासून सुरुवात होते आणि परफॉर्मन्स अहवालात जास्तीत जास्त १६ महिन्यांचं दिसतं. तेव्हा साइट अर्धवट असली तरी आजच जोडा. १६ महिन्यांपलीकडचं हवं असेल तर दर काही महिन्यांनी एक्सपोर्ट करून ठेवा. एका वेळी १००० ओळी मिळतात, छोट्या धंद्याला त्या पुरतात.

आता बघायचं काय? एकूण क्लिकचा आलेख बघून खूश किंवा नाराज होण्यात वेळ घालवू नका. मी असं बघतो:

जे शब्द भरपूर वेळा दिसले पण ज्यांवर क्लिक जवळजवळ नाहीत, ते आधी वेगळे काढतो. क्रमांक पहिल्या दहात असेल तर बहुधा शीर्षक नीट नाही. क्रमांक विसाच्या आसपास असेल तर त्या विषयावर वेगळं, पुरेसं सविस्तर पान हवं.

मग देशानुसार गाळतो. वहिनींच्या साइटवर हे फार उपयोगी पडलं. परदेशातली मुलं पदार्थांची नावं शोधत होती आणि इथले आईवडील ‘परदेशी फराळ पाठवणे’ अशा अर्थाचं काहीतरी शोधत होते. दोघांचा डबा एकच, पण प्रश्न वेगळे. त्यामुळे पानंही दोन केली. एकावर पदार्थ आणि त्यांचे फोटो. दुसऱ्यावर वजन, पॅकिंग, किती दिवस टिकेल आणि कुरिअरला कोणते कागद लागतात याची माहिती.

शेवटी, ज्या शब्दावर आपलं चुकीचं पान दिसतंय ते शोधतो. ‘अनारसे’ शोधणाऱ्याला आपलं ‘संपर्क’ पान दिसत असेल, तर अनारशांचं पान नाही किंवा गुगलला ते सापडत नाही. तिथे सर्च कन्सोलमधल्या ‘यूआरएल इन्स्पेक्शन’ने (एकेक पान तपासायची सोय) तपासा.

दोन सापळे लक्षात ठेवा. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गुगल खासगीपणासाठी लपवतं, म्हणून शब्दांची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. त्यात काही बिघडलेलं नाही. दुसरं, ‘सरासरी क्रमांक’ ही खरोखर सरासरीच असते. कोथरूडमध्ये तिसऱ्या आणि नाशिकमध्ये चाळिसाव्या क्रमांकावर असलेलं पान मध्येच कुठेतरी दिसतं.

सर्च कन्सोल जोडून झालं की बिंग (मायक्रोसॉफ्टचं शोधयंत्र) वेबमास्टर टूल्समध्ये तीच साइट आयात करा. मालकी पुन्हा सिद्ध करावी लागत नाही, आणि त्यात कीवर्ड संशोधनही फुकट आहे. बिंग कोण वापरतं, असं वाटेल. पण कंपन्यांतल्या संगणकांवर एज ब्राउझर आणि त्यात बिंग आधीपासून असतं, आणि चाकण-हिंजवडीतले खरेदी विभाग तेच संगणक वापरतात. माल कंपन्यांना विकत असाल तर हे वगळू नका.

४. गुगल ट्रेंड्स: पंचांग शेजारी ठेवून बघा

ट्रेंड्समध्ये २००४ पासूनचा कल दिसतो. पहिली गोष्ट नीट समजून घ्या: आलेखावरचं १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळात आणि भागात तो शब्द सर्वांत जास्त शोधला गेला तो क्षण म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. शून्य म्हणजे कुणीच शोधलं नाही असं नाही. पुरेशी माहिती नाही, एवढाच त्याचा अर्थ.

भाग ‘महाराष्ट्र’ निवडा, काळ पाच वर्षं. एका वेळी पाच शब्द शेजारी ठेवता येतात. तेव्हा देवनागरी ‘फराळ’, रोमनमधली त्याची दोन रूपं, ‘चकली’ आणि ‘अनारसे’ एकत्र टाकून बघा. सूचनांमध्ये शब्दाखाली ‘विषय’ असं लिहिलेलं दिसलं तर तो पर्याय वेगवेगळ्या भाषांतले शोध एकत्र मोजतो, ‘शोधशब्द’ फक्त टाइप केलेलं मोजतो. दोन्हींची सरमिसळ करून तुलना करू नका. फक्त पुणे निवडल्यावर आलेख तुटक झाला तर पुन्हा महाराष्ट्रावर या.

आता पंचांगाचं. आपले सण तिथीने येतात आणि सगळी टूल्स इंग्रजी तारखेने मोजतात. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला गेलं. सर्च कन्सोलमध्ये ‘गेल्या वर्षीच्या याच काळाशी तुलना’ असा पर्याय आहे. तो ऑक्टोबर २०२६ साठी लावला तर धंदा बसला असं दिसेल, प्रत्यक्षात सण अजून यायचा असेल. गणपतीचंही तसंच: २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर. शाडूच्या मूर्ती, सजावट, मोदक, पैठणी, लग्नाचे हॉल, यांतलं काहीही विकत असाल तर तारखा हाताने निवडा. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे आठ आठवडे या वर्षीचे आणि गेल्या वर्षीचे, अशी तुलना करा. शीटमध्ये एक रकाना ‘सणाआधी किती आठवडे’ असाही ठेवा. मला स्वतःला हा रकाना बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण माल कधी भरायचा आणि पान कधी तयार हवं, दोन्ही त्यावरूनच ठरतं.

५. कीवर्ड प्लॅनर: आकडे वाचायला आधी शिका

हे जाहिरातदारांसाठीचं टूल आहे, म्हणून गुगल ॲड्सचं खातं लागतं. नोंदणी करताना बिलाची माहिती भरायला आणि एक मोहीम तयार करायला सांगतात. जाहिरात द्यायची नसेल तर मोहीम तयार होताच थांबवा, आणि ती खरोखर थांबली आहे ना, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. भाग पुणे आणि भाषा मराठी निवडता येते, पण इंग्रजी निवडूनही एकदा बघा.

खर्च न करणाऱ्या खात्याला महिन्याच्या शोधांचा नेमका आकडा मिळत नाही, पट्टा मिळतो: १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार असा. म्हणजे महिन्याला १२० आणि ९०० वेळा शोधले जाणारे दोन शब्द इथे सारखेच दिसतात. शब्दांची आपसात ढोबळ तुलना करायला ठीक, त्यावरून विक्रीचं गणित मांडू नका.

आणि ‘कॉम्पिटिशन’ हा रकाना. त्यात ‘लो’ दिसलं की लोकांना वाटतं, या शब्दावर गुगलमध्ये वर येणं सोपं. तो रकाना जाहिरातदारांमधल्या चढाओढीचा आहे, साध्या निकालांचा नाही. साध्या निकालांतली चढाओढ बघायची तर तो शब्द स्वतः शोधा आणि पहिल्या पानावर कोण आहे ते डोळ्यांनी बघा. तिथे मोठी पोर्टल्सच भरलेली असतील तर आणखी नेमका शब्द घ्या. ‘दिवाळी फराळ’ऐवजी ‘बिनसाखरेचे डिंकाचे लाडू’ किंवा ‘ओल्या नारळाच्या करंज्या, कोथरूड’.

६. आलेला माणूस थांबतो का

गुगल ॲनालिटिक्स ४ लावलं की त्याच दिवशी दोन सेटिंग बदला. वेळक्षेत्र भारताचं करा आणि डेटा ठेवण्याची मुदत २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर न्या. मुदत मागाहून वाढवून गेलेली माहिती परत येत नाही.

मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी पूर्ण फुकट आहे. लोक पानावर कुठे टॅप करतात, कुठपर्यंत सरकतात आणि कुठे अडकून निघून जातात, हे त्यात चित्रफितीसारखं दिसतं. मोबाइलवरच्या काही नोंदी शांतपणे बघा. ऑर्डरचा नंबर फोटोमध्ये लिहिलेला असेल तर लोक त्या फोटोवर पुन्हा पुन्हा टॅप करताना दिसतील, कारण त्यांना तो बटण वाटतो. साइटच्या गोपनीयता पानावर मात्र या टूलचा उल्लेख करा, आणि गिऱ्हाइकाची माहिती झाकणारी सेटिंग सैल करू नका.

वेगासाठी पेजस्पीड इनसाइट्स. मोबाइलचा निकाल बघा, डेस्कटॉपचा नको. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, टॅपला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा आणि पान हलण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत असावा, ही गुगलची ‘चांगलं’ म्हणायची मर्यादा आहे. साइट छोटी असेल तर वापरकर्त्यांची प्रत्यक्ष मोजमापं मिळणार नाहीत, फक्त प्रयोगातला गुण दिसेल. तो १०० करण्यामागे लागू नका. मिठाईचे अवाढव्य फोटो लहान केले की बहुतेक काम होतं.

तुटलेल्या लिंक शोधायला स्क्रीमिंग फ्रॉगची फुकट आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत चालते. कोण आपल्याला लिंक देतं ते बघायला एचरेफ्सचं वेबमास्टर टूल स्वतःच्या साइटपुरतं फुकट आहे.

७. आता स्पर्धक

मेटा ॲड लायब्ररीत देश भारत आणि ‘सर्व जाहिराती’ निवडून स्पर्धकाच्या पानाचं नाव टाका. फेसबुक-इन्स्टाग्रामवर त्याच्या आत्ता चालू असलेल्या जाहिराती दिसतील, कधीपासून चालू आहेत तेही दिसेल. बरेच दिवस चालू ठेवलेली जाहिरात बहुधा पैसे वसूल करत असते. राजकीय वगैरे जाहिराती सोडल्या तर आपल्याकडे जाहिरात बंद झाली की ती तिथून जाते, तेव्हा हंगामातच स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. गुगलच्या जाहिरातींसाठी ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर आहे.

वेबॅक मशीन या जुनी पानं जतन करणाऱ्या साइटवर स्पर्धकाचं पान मागच्या दिवाळ्यांत कसं होतं ते बघता येतं, जतन झालं असेल तर. भाव कधी वाढवले, कोणते पदार्थ बंद केले, हे त्यातून कळतं. नकाशावरच्या त्याच्या तीन ताऱ्यांच्या प्रतिक्रिया वाचा. एक तारा देणारा चिडलेला असतो, पाच तारे देणारा बरेचदा ओळखीचा. तीनवाला नेमकं काय कमी पडलं ते सांगतो.

दुसऱ्याच्या साइटला महिन्याला किती लोक येतात हे सांगणारी टूल्स छोट्या साइटसाठी भरवशाची नाहीत. त्यांच्याकडे नमुनाच तुटपुंजा असतो. ‘फुकट ऑडिट’ म्हणत फोन नंबर मागणाऱ्या साइटपासून आणि ‘सर्व साइटवरील माहिती वाचण्याची’ परवानगी मागणाऱ्या ब्राउझर एक्स्टेन्शनपासून लांब राहा. सर्च कन्सोलची मालक म्हणून परवानगी कुणी मागितली तर देऊ नका. पाहण्यापुरती परवानगी पुरते.

८. भोसरी, चाकण, पिरंगुटवाल्यांसाठी: शून्य दिसलं तरी शब्द सोडू नका

जॉबवर्कचे शब्द कीवर्ड प्लॅनरमध्ये टाकले की बहुतेकांपुढे शून्य किंवा १० ते १०० दिसतं आणि माणूस नाउमेद होतो. इथे हिशोब वेगळा आहे. फराळाच्या शंभर शोधांतून काही डबे विकले जातील. ‘ॲल्युमिनियम पार्टसाठी फोर ॲक्सिस व्हीएमसी, भोसरी’ असं एकाच खरेदी अधिकाऱ्याने शोधलं, तरी त्यातून वर्षाचं काम मिळू शकतं. म्हणून इथे किती जणांनी शोधलं यापेक्षा कुणी शोधलं, ते महत्त्वाचं.

शब्दही वेगळ्या ठिकाणी मिळतात. आलेल्या चौकशीच्या मेलमध्ये, ड्रॉइंगवरच्या मटेरियल ग्रेडमध्ये, इंडियामार्टवर लोक मागणी कोणत्या नावाने टाकतात त्यात, आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरच्या बिडच्या कागदपत्रांत. मशीनचा टेबल साइज, टॉलरन्स, मोजणीची उपकरणं, कोणत्या धातूवर काम करता, हे साइटवर मजकूर म्हणून लिहा. पीडीएफ कॅटलॉगचा स्कॅन केलेला फोटो पुरेसा नाही. काही आठवड्यांनी सर्च कन्सोलमध्ये बघा. ज्या शब्दांपुढे प्लॅनर शून्य दाखवत होता, त्यांवर तुमची साइट दिसल्याची नोंद तिथे येऊ लागते.

९. शीटवरून पानांकडे

शीटमधल्या शब्दांचे गट पाडा. एका गटाला एक पान. लिपी वेगळी म्हणून वेगळं पान करू नका. एकाच पानावर मराठी मजकूर ठेवा आणि शीर्षकात किंवा वर्णनात रोमन रूप एकदा येऊ द्या. इंग्रजीत शोधणारं गिऱ्हाईक खरोखर जास्त असेल, तरच वेगळं इंग्रजी पान करा आणि तेही नीट लिहिलेलं.

सणाच्या पानाच्या पत्त्यात वर्ष घालू नका. ‘दिवाळी-फराळ’ एवढाच पत्ता ठेवा आणि दरवर्षी त्याच पानावर भाव, तारखा आणि फोटो बदला. सण संपला की पान काढू नका. ‘या वर्षीच्या ऑर्डर बंद, पुढच्या वर्षीसाठी नंबर नोंदवा’ असं वर लिहा आणि पान तसंच राहू द्या. त्याला मिळालेल्या लिंक आणि गुगलमधली जागा पुढच्या वर्षी त्याच पत्त्याच्या कामी येते. नवीन भाव मात्र गणपती विसर्जनाच्या आत चढवा, परदेशी पार्सलवाले तेव्हापासूनच विचारायला लागतात.